मावशीला विचारा : खोली, डबा आणि रिकामी संध्याकाळ

कॉलेजं सुरू झाली की या सदराच्या टपालाचा सूरच बदलतो. सासू-सुना मागं पडतात आणि खोली, मेस, डबा, रूम पार्टनर पुढं येतात. कोल्हापुरात राजारामपुरीत माझी खानावळ होती तेव्हा हेच प्रश्न पोरं ताटावर बसून विचारायची, आता कागदावर विचारतात. पत्रं लांबलचक होती, ती छाटली आहेत. नावं सगळ्यांचीच गाळली, नाहीतर वर्गात थट्टा होते.

आम्ही तिघं आजरा तालुक्यातले, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहोत. खोली घेऊन राहतो. दुपारी मेस आहे, दोन्ही वेळची परवडत नाही. घरमालकांची स्वयंपाकाला हरकत नाही, पण आम्हाला चहापलीकडं काही येत नाही. भांडी काय घ्यावीत आणि सुरुवात कशानं करावी?

चहा येतो म्हणजे गॅस पेटवायला येतो, आणि दूध उतू जायच्या आत बंद करायलाही येतो. निम्मं काम झालं की.

आधी गॅसचं बघा. पाच किलोची छोटी टाकी ओळखपत्र दाखवून एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवरही मिळते. तीच घ्या. मोठ्या टाकीतून छोटीत गॅस भरून देणारे असतात, त्यांच्या दारात जाऊ नका. शेगडी टाकीपेक्षा उंच, भक्कम टेबलावर ठेवायची. खिडकी उघडी, आणि निजताना टाकीचा कॉक बंद. हे काम एकाच्याच गळ्यात घाला; तिघांचं काम म्हटलं की कुणीच करत नाही.

भांडी फार नकोत. तीन लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे, जाड बुडाची कढई, एक पातेलं, सांडशी, डाव, उलथनं, एक बरी सुरी. नॉनस्टिक घेऊ नका, तारेच्या घासणीनं महिन्यात त्याची वाट लावाल. तवा दिवाळीनंतर. पहिल्या वर्षी पोरांनी भाकरी-चपातीच्या नादाला लागू नये असं माझं ठाम मत आहे. गल्लीत भाकरी करून विकणारी एखादी बाई असतेच, तिला रोजच्या सहा भाकरी सांगून ठेवा. तिलाही रोजचं गिऱ्हाईक मिळतं आणि तुमचं पीठ वाया जात नाही.

आजऱ्याचे आहात म्हणजे घरी घनसाळ तांदूळ असणार. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण वास आधीपासूनच होता. हा तांदूळ मऊ होतो. त्याचा पुलाव करायला जाऊ नका, आमटीशीच त्याचं जमतं. तांदूळ जुना असेल तर वाटीला दोन वाट्या पाणी, नवा असेल तर पावणेदोन. खालच्या डब्यात पाऊण वाटी तूरडाळ, चिमूट हळद आणि दोन थेंब तेल, वरच्या डब्यात भात. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढणारा पोरगा खानावळीत मला नेहमी भेटायचा. त्याला घाई कसली असायची ते देव जाणे, पुढं अभ्यासालाही बसायचा नाही.

डाळ घोटून मोहरी-लसणाची फोडणी, त्यात चमचाभर घरची चटणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. झाली आमटी. इथं चटणी म्हणजे तुमच्या आईनं उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी. तिच्यात खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण सगळं आधीच आहे. म्हणून खोलीवर मसाल्याची एकही पुडी विकत आणायची गरज नाही. रीलमध्ये दाखवतात ते चार मसाले आणि त्यावर किसलेलं चीज, ते पोट भरलेल्या माणसांचं जेवण आहे.

आता पिठलं. हे नीट सांगते, कारण हे जमलं की रात्रीची चिंता मिटली. तिघांना एक वाटी बेसन. ते आधी थोड्या गार पाण्यात हातानं कालवायचं, गुठळ्या बोटांनी फोडायच्या, मग एकूण तीन वाट्या पाणी होईल एवढं सैल करायचं. गरम पाणी घातलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. कढईत तेल जरा सढळ. मोहरी तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरचीचे तुकडे, आणि मग एक मोठा कांदा. कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ करायचा. हळद टाकून लगेच कालवलेलं पीठ ओता आणि हात थांबवू नका. दोन मिनिटांत ते घट्ट व्हायला लागतं आणि रटरटून अंगावर उडतं, तेव्हा पोरं घाबरून लांब होतात आणि तेवढ्यात बूड धरतं. लांब व्हायचं नाही, गॅस बारीक करायचा. मीठ घालून झाकण ठेवा, पाच-सात मिनिटं वाफ येऊ द्या. कच्च्या पिठाचा वास गेला आणि कडेनं तेल दिसायला लागलं की उतरवा. कढईच्या बुडाला धरलेली खरवड कुणी खायची यावरून भांडण होणार, ते तुमचं तुम्ही मिटवा.

भाजी कपिलतीर्थ मंडईत संध्याकाळी उशिरा घ्यायची, आवरायच्या वेळी भाव उतरतो. नाहीतर लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार. पण आठवड्याची भाजी एकदम आणू नका. फ्रीज नाही, मेथी तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. कांदे, बटाटे, लसूण, बेसन, डाळ, पोहे आणि शेंगदाण्याचं कूट एवढं घरात असलं की कुणी उपाशी झोपत नाही.

चार दिवस गावाला गेलो होतो, तरी मेसवाल्या काकूंनी खाडा धरला नाही, त्या दिवसांचे पैसे वजा केले नाहीत. हा अन्याय नाही का?

आदल्या दिवशी सांगून गेला होतास का? पत्रात ते लिहिलेलं नाहीस, त्यावरून समजले. सकाळी अकराला 'काकू, आज नाही' असा फोन आला तरी भाजी चिरून झालेली असते आणि कणीक मळलेली असते. सलग चार जेवणं चुकणार असतील आणि आदल्या रात्री सांगितलं असेल तर खाडा, अशी माझी पद्धत होती. दुसरीकडं दुसरी असेल. महिना लावतानाच विचारून घ्यायचं : खाडा किती वेळचा, फीस्टच्या रात्री बंद का, पाहुण्याचं ताट कितीला. सांगूनही धरत नसतील तर मेस बदल, भांडू नकोस. ज्या बाईच्या हातचं खायचं तिच्याशी भांडण करू नये.

मी वसतिगृहात राहते. खोलीत शेगडी, इंडक्शन, केटल सगळ्याला बंदी आहे. तरी काही मैत्रिणी कपाटात इंडक्शन लपवतात. मीही आणावं का? रात्री दहा वाजता फार भूक लागते.

नको आणूस बाळ. रेक्टरच्या भीतीपोटी सांगत नाही, वायरिंगपोटी सांगते. इंडक्शनला दीड ते दोन हजार वॅट लागतात. भिंतीवरचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं, ते चौदाशे वॅटच्या आत थांबतं. त्याच सॉकेटला तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर तीन फोन, आणि हे सगळं कपड्यांच्या कपाटात. बादलीत टाकायची हीटरची कॉइल तर त्याहून वाईट.

चुलीशिवाय बरंच काही होतं. जाडे पोहे धुऊन चाळणीत दहा मिनिटं ठेवायचे. त्यात दही, थोडं दूध, मीठ, किंचित साखर. घरून तळलेल्या सांडगी मिरच्या डब्यात आणून ठेव, एक कुस्करून घातली की फोडणीची आठवण येत नाही. पातळ पोह्यांचे दडपे पोहे कर : बारीक कांदा, काकडी, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, आणि वर ताट दडपून पंधरा मिनिटं. मेसची भाकरी एखादी उरवून ठेवलीस तर ती कुस्करून ताकात, वर शेंगदाण्याची चटणी. जयसिंगपूरचं भडंग एक पाकीट कायम असावं, पण ते एकटीनं फोडता येत नाही. पाकिटाचा आवाज झाला की चार खोल्या गोळा होतात.

मटकीला मोड आणायचे तर रात्री भिजव, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध आणि बादलीवर टांगून ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड. थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो, तेव्हा पुरचुंडी गोधडीत गुंडाळायची. फडक्याला चिकट वास आला तर मटकी सरळ फेकून दे. कच्ची खाऊ नकोस. मेसमध्ये सांगून उकळत्या पाण्यातून चांगली शिजवून घे, मग कांदा-लिंबू घालून खा. मेसच्या मावशींना अधूनमधून 'आज आमटी फक्कड झाली' म्हणत जा, एवढं काम त्या करतात.

माझा मुलगा कोल्हापूरला शिकतो, मी गारगोटीजवळच्या गावात. पूर्वी आमच्या दिरांना एस.टी.नं रोज डबा जायचा. आता ते जमत नाही, पण पंधरा दिवसांनी तो येतो तेव्हा बरोबर काय द्यावं? दिलेलं अर्धं परत आणतो.

ताई, तुमच्या पत्रानं मला स्टँड आठवला. सकाळच्या गाड्यांतून डबे उतरायचे. प्रत्येकाला जुन्या धोतराचा नाहीतर पातळाचा फडका, त्यावर शाईनं नाव, आणि बोर्डिंगमधली पोरं सायकली घेऊन उभी. कंडक्टरला डबे पाठ असायचे. कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, जैन बोर्डिंगही त्याच साली, मुस्लिम बोर्डिंग १९०६ साली. खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर आधी त्याच्या राहण्याची सोय पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. पण ज्यांना बोर्डिंगात ताट नव्हतं त्यांना एस.टी.च्या डब्यानंच शिकवलं. तुमचे दीर त्यातलेच.

आता टिकाऊ पदार्थांचं सांगते. ओली भाजी देऊ नका, नारळ घातलेलं काही देऊ नका, प्रवासातच आंबतं. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस राहतात, त्या पहिल्या दोन दिवसांसाठी. पुढं कडक भाकरी. शाळूची नाहीतर बाजरीची, अगदी पातळ थापायची, भाजून उन्हात खडखडीत वाळवायची. डब्यात बंद ठेवली तर पंधरा दिवस कुठं जात नाही, चुरून आमटीत घालता येते. खरडा द्यायचा तर मिरची आणि लसूण तेलावर चांगला परतून, शेंगदाणे घालून, तव्यावरच वाटीच्या बुडानं रगडायचा. पाण्याचा थेंब लावायचा नाही. तरी तीन-चार दिवसांतच संपवायला सांगा. पंधरा दिवसांचा माल म्हणजे शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची चटणी. कारळ्याची जरा जास्त द्या, शहरात धड मिळत नाही.

अर्धं परत का येतं? मोठा डबा देत असाल. मोठा डबा उघडला की खोलीतले पाच हात पडतात आणि दोन दिवसांत चांगलं ते संपतं, नको ते उरतं. तुमचा लेक लाजेनं नको म्हणत नसेल, म्हणूही नये. लहान लहान तीन डबे द्या, एकावर 'सगळ्यांसाठी' असं लिहून. उरलेल्या दोन डब्यांवर काही लिहू नका, त्याचं त्याला कळेल.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक मित्र पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो, दुसरा युवा महोत्सवात मूकनाट्य करतो, तिसऱ्याकडं गिटार आहे. मला काहीच येत नाही. चारला कॉलेज सुटलं की मोबाइल आणि झोप. मुलाखतीत छंद विचारतात, मी 'वाचन' असं खोटंच सांगतो. कुठला छंद लावून घेऊ?

मुलाखतीसाठी छंद लावायचा असेल तर 'वाचन' चालू दे, त्यांनाही सवय आहे. संध्याकाळ घालवायची असेल तर बोलू.

तुला खेळता येत नाही. बघता येतं ना? बघण्याला आपल्याकडं उगाच कमी लेखतात. शाहू स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशी जा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, कुणाचाही असो. मैदानावर बावीस जण खेळतात आणि गॅलरीत सगळी पेठ खेळत असते. साठीचे आजोबा लेफ्ट विंगरला शिव्या घालतात त्यातही अभ्यास असतो, तो ऐकायला बस. तुझा मित्र उतरेल त्या दिवशी त्याला कळू दे की तू आला होतास. खासबाग मैदानही एकदा बघ, शाहू महाराजांच्या वेळचं, १९१२ सालचं. मैदान खोलगट आणि हौदा मधोमध, म्हणून लांब बसलेल्यालाही कुस्ती दिसते. कुस्ती नसेल त्या दिवशीही नुसतं वरच्या पायरीवर बसून ये.

मूकनाट्यवाल्या मित्राला विचार, सामान सांभाळायला माणूस पाहिजे का. पाहिजेच असतो. शिवाजी विद्यापीठाचा आधी जिल्हा महोत्सव, मग मध्यवर्ती. कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. स्टेजवर सहा जण दिसतात, पण रंगाच्या डब्या, काळे कपडे, हलगीचं पान तापवायला रद्दी, परतीच्या गाडीत कोण राहिलं, हे बघणारा एक पोरगा प्रत्येक संघात असतो आणि त्याच्यावाचून संघ हलत नाही. कॉमर्सचा आहेस, हिशोबही तुझ्याकडंच येईल. माझ्या खानावळीत असे दोघे-तिघे मेंबर होते. महोत्सवाच्या दिवसांत खाडा सांगायला तेच यायचे, सगळ्या संघाचा, लेखी.

पाय चालत असतील तर पावसात पन्हाळा ते पावनखिंड. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ती वाट. पन्नासएक किलोमीटर आहे, बहुतेक गट दोन दिवसांत करतात. मसाई पठारावर धुकं असं उतरतं की पुढचा माणूस दिसत नाही, म्हणून गटाबरोबरच जायचं. जीन्स घालू नकोस; भिजली की जड होते आणि मांड्या सोलतात. बुटाला तळ चांगला पाहिजे, पिशवीत कोरडे मोजे प्लॅस्टिकमध्ये, आणि खायला चपाती-चटणी, गूळ-शेंगदाणे. बिस्किटांचा लगदा होतो.

यातलं काहीच नको वाटलं तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बस. १८५० सालची संस्था आहे. वर्गणी भर आणि कपाटांपुढं उभं राहून हाताला येईल ते काढ. दोन महिन्यांनी मुलाखतीतलं तुझं उत्तर निदान खोटं राहणार नाही. आणि काही दिवस रंकाळ्यावर नुसता चालत गेलास, भेळ खाल्लीस, परत आलास, तरी चालतंय की. प्रत्येक संध्याकाळचं काहीतरी झालंच पाहिजे, हे कुणी सांगितलं तुला?

मी कुडाळची. इथलं जेवण झणझणीत लागतं आणि मासे आठवतात. काय करू?

'कोल्हापुरी' म्हणून हॉटेलात लाल तवंग देतात ते आमच्या घरात रोज कोण खातं? खरं कोल्हापूर तुझ्या ओळखीचंच आहे. पांढरा रस्सा खाल्लास का? मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस. मालवणी माणसाला परका वाटणार नाही. तांबडा हवा तर पांढऱ्यात मिसळून घे, कुणी हसणार नाही. घरून कोकमाचं आगळ आण, इथं नारळाचं दूध काढून सोलकढी कर आणि रूममधल्या घाटावरच्या मुलींना पाज. माशांचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही. घाट चढून येतात ते, पण तुझ्या दारातला बांगडा आणि इथला बांगडा यात फरक राहणारच. सुट्टीत जाशील तेव्हा सुकट, सोडे आण. भाजायच्या आधी शेजारच्या खोलीत सांगून ये.

खोलीत चौघं आहोत. स्वयंपाक मी करतो आणि भांडीही मलाच घासावी लागतात. बोललो तर म्हणतात, 'तुला आवड आहे ना.'

आवड स्वयंपाकाची आहे, कुकर घासायची कुणालाच नसते. भांडण नको, नियम कर. ज्यानं केलं त्यानं घासायचं नाही. ताट-वाटी ज्याची त्यानं, जेवल्या जेवल्या. कुकर-कढई बाकीच्या तिघांत वारानं, वार भिंतीवर लिहून. ज्याचा वार चुकेल त्याच्या वाटणीची भाकरी दुसऱ्या दिवशी सांगायचीच नाही. पहिल्या आठवड्यात एकजण नक्की चुकणार आणि 'मस्करी करतोय' असं समजून हात धुऊन बसणार. त्या दिवशी तू मऊ पडू नकोस, एवढंच.